लोको इआ: हवाईची मासळीची तळी मुलांना शिकवताना

हवाईतल्या हेएइयाच्या, मासे वाढवण्यासाठी बांधलेल्या जुन्या तळ्याकाठी मुलं पहिल्यांदा उभी राहिली की हमखास विचारतात, “मासे कुठायत?” समोर हिरवट गढूळ पाणी असतं, त्यात लांबवर वळत गेलेली काळ्या दगडांची बुटकी भिंत असते, आणि भणाण वारा. मासा एकही दिसत नाही. मुलांचे चेहरे पडतात. मत्स्यालय बघून आलेल्या मुलांचे तर फारच.

मी ओआहू बेटावर राहते. मूळची अलिबागकडच्या खारेपाटातली. गेली काही वर्षं इथल्या मराठी घरांतली मुलं आणि सुट्टीत भारतातून येणारी भाचरं घेऊन मी तळ्यावरच्या श्रमदानाला जाते. त्यातून एक क्रम हाताशी बसला आहे: आधी पाणी, मग भिंत, मग फाटक, आणि मासा सगळ्यांत शेवटी. मासा आधी दाखवला की मुलांना तळं म्हणजे टाकी वाटतं. पाण्यापासून सुरुवात केली की राखण म्हणजे नेमकं काय राखायचं, हे त्यांना आपोआप दिसू लागतं. हवाईत राहणाऱ्यांना, इथे फिरायला येणाऱ्यांना आणि घरबसल्या मुलांना हे शिकवू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो क्रम सविस्तर लिहिते आहे.

निघण्याआधी घरी: शब्द

तळ्याला हवाईयन भाषेत ‘लोको इआ’ म्हणतात. लोको म्हणजे तळं, इआ म्हणजे मासा. ‘इ’ आणि ‘आ’च्या मध्ये घसा क्षणभर अडवायचा असतो, ‘इया’ असं वाहू द्यायचं नाही. मुलांना ही अडवणूक खेळासारखी जमते, मोठ्यांना वेळ लागतो. पाच-सहा शब्द पुरेत: कुआपा म्हणजे भिंत, माकाहा म्हणजे फाटक, पोहाकू म्हणजे दगड, लिमू म्हणजे शेवाळ, कीआई म्हणजे राखणदार, आणि पुआ म्हणजे माशाचं पिल्लू. पुआचा दुसरा अर्थ फूल. हे सांगितलं की मुलं पिल्लांकडे वेगळ्याच मायेनं बघतात.

एक शब्द तर मराठी मुलं कधीच विसरत नाहीत: काकू. हवाईयनमध्ये काकू म्हणजे बॅराकुडा, तळ्यात शिरून बाकीची मासळी फस्त करणारा दातेरी मासा. हसून घेऊ द्या. त्याच ओघात सांगा की इथे तळ्यावरच्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला ‘अंकल’ किंवा ‘आंटी’ म्हणायचं असतं, आपल्या काका-काकूंसारखंच. नुसत्या नावानं हाक मारणं उद्धटपणाचं समजतात.

आमाआमा नावाचा मासाही इथेच ओळखीचा करून द्या. तो म्हणजे आपल्याकडचा बोय, गोव्यात ज्याला शेवटो म्हणतात. वाढत जातो तसं त्याचं नाव बदलतं: बोटाएवढा असतो तेव्हा पुआ, हाताच्या पंजाएवढा झाला की काहाहा, मग आमाआमा, आणि फूटभराच्या वर गेला की आनाए. मुलांना पट्टी द्या, कागदावर चारही मापांचे मासे काढून रंगवू द्या. ज्या लोकांकडे एका माशाच्या वयाला चार नावं आहेत, ते त्या माशाकडे किती बारकाईनं बघत असतील, हे मुलं चित्र काढतानाच बोलून दाखवतात.

कुठे जायचं

बहुतेक तळी कुणाच्या तरी मालकीची किंवा सांभाळाखाली आहेत. न विचारता भिंतीवर चढायचं नाही. ओआहूवर हेएइयाचं तळं ८८ एकरांचं आहे आणि भिंत सुमारे दोन किलोमीटरची, तळ्याला पूर्ण वेढा घालणारी. वय अंदाजे सहाशे ते आठशे वर्षं. २००१ पासून ‘पाएपाए ओ हेएइया’ ही संस्था ते सांभाळते. श्रमदानाचे दिवस आधी जाहीर होतात, नाव नोंदवावं लागतं. मुलांना काम करू द्यायचं असेल तर माझी पहिली पसंती याला.

सुट्टीवर आलेल्यांना नुसतं बघायचं असेल तर माउईवर किहेई गावात कोइएइएचं छोटं तळं किनाऱ्यावरूनच दिसतं. मोठ्या बेटावर, म्हणजे हवाई नावाच्याच बेटावर, कोना गावाजवळ कालोको-होनोकोहाउ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात कालोकोची अफाट रुंद भिंत आहे. त्याच उद्यानातलं आइमाकापा दुसऱ्या जातीचं, वाळूच्या बांधानं समुद्रापासून तुटलेलं. दोन्ही एकाच दिवशी बघितली की प्रत्येक तळ्याला दगडी भिंत लागतेच असं नाही, हे मुलांच्या लक्षात येतं. डोंगराकडे गोड्या पाण्याची तळीही असत, आणि कालोच्या, म्हणजे अळूच्या, पाणथळ खाचरांतही मासे वाढवत.

काउआईवरचं आलेकोको तळं वरच्या रस्त्यावरून दिसतं. तिथे मेनेहुने नावाच्या बुटक्या लोकांनी हातोहात दगड देत एका रात्रीत भिंत बांधल्याची कथा सांगतात. कथा जरूर सांगा, पण तिथेच थांबू नका. ही भिंत माणसांनी बांधली, शेकडो हातांनी दगड वाहून बांधली, हे स्पष्ट सांगा. नाहीतर एका समाजाचं सगळं कसब परीकथेच्या खाती जमा होतं.

पहिली पायरी: पाणी कुठून येतं

तळ्यावर पोचल्यावर समुद्राकडे पाठ करा आणि मुलांना डोंगराकडे बघायला सांगा. हवाईत जमिनीची जुनी वाटणी ‘आहुपुआआ’ अशी होती: डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या खडकापर्यंतचा एक उभा पट्टा. पाऊस माथ्यावर पडतो, ओढा होतो, कालोच्या खाचरांतून फिरतो. तिथे गाळ बसतो, पाणी संथ होतं आणि पोषण घेऊन तळ्यात उतरतं. तळ्यात ते खाऱ्या पाण्याला मिळतं. या मचूळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, कारण खोली बहुतेक ठिकाणी मुलांच्या कमरेएवढीच असते. म्हणून शेवाळ भरपूर वाढतं, आणि सगळा खेळ त्या शेवाळावर उभा आहे.

मुलांना ओढ्याचं तोंड, तळ्याचा मध्य आणि समुद्राकडचं फाटक अशा तीन जागी पाण्याचा खारटपणा मोजू द्या. बऱ्याच तळ्यांवर त्यासाठी साधं उपकरण असतं. पाणी जिभेवर घेऊन चव बघायची नाही, कारण इथल्या ओढ्यांत लेप्टोचा धोका असतो. मुंबईच्या पावसाळ्यात राहिलेल्या पालकांना हे वेगळं सांगायला नको. घरी शिकवत असाल तर तीन ग्लास घ्या, साधं पाणी, थोडं मीठ, खूप मीठ, आणि प्रत्येकात कच्चं अंडं सोडा. बुडणं आणि तरंगणं बघून सगळ्यांत खारट पाणी कुठलं, हे मुलं स्वतः ओळखतात.

वरच्या खोऱ्यात एखादा रस्ता झाला किंवा ओढा वळवला तर तळ्याचं काय होईल, हे इथेच विचारा. ही कल्पना करायची गरज नाही, तसंच घडलं आहे. उसाच्या मळ्यांसाठी ओढे वळवले गेले. बाहेरून आलेल्या रोगांनी माणसं दगावली, भिंती सांभाळणारे हात उरले नाहीत. १८४८ नंतर जमिनीची मालकी बदलली. सहा मुख्य बेटांवर मिळून तळ्यांच्या ४८८ जागा नोंदल्या गेल्या आहेत. १९०१ च्या पाहणीत त्यांपैकी ९९ चालू होती. माउनालुआचं पाचशे एकरांहून मोठं तळं आज ‘हवाई काई’ नावाची बंगल्यांची वस्ती आहे. लहान मुलांना आकडे सांगू नका. दहा-बारा वर्षांच्या पुढच्यांना जरूर सांगा. त्यांना राग येतो, आणि तो यायलाच हवा.

दुसरी पायरी: भिंत हातानं समजते

हेएइयाची भिंत म्हणजे दोन समांतर भिंती, काळ्या बेसॉल्टच्या, आणि मधल्या पोकळीत प्रवाळाचे तुकडे. चुना नाही, सिमेंट नाही. पाणी फटींतून झिरपतं, त्यामुळे लाटेचा जोर भिंतीवर आदळण्याऐवजी भिंतीत मुरतो. सह्याद्रीचा दगड हातात घेऊन वाढलेल्या माणसाला हा बेसॉल्ट लगेच ओळखीचा वाटतो. माझ्या आईनं इथे आल्यावर पहिला दगड उचलला आणि म्हणाली, “अगं, हा तर आपलाच काळा पाषाण.”

मुलांना दगड रचायला द्या. नियम तीनच: मोठा खाली, प्रत्येक दगड किमान दोन दगडांवर टेकलेला, आणि डुगडुगला तर काढून फिरवून परत लावायचा. घरी अंगणात किंवा बाल्कनीत ताटभर खड्यांवर हे करता येतं. वीतभर भिंत झाली की तांब्याभर पाणी ओता. जी टिकते ती का टिकली, यावर मुलं बराच वेळ वाद घालतात. घालू द्या.

मग खांडीची गोष्ट सांगा. खारेपाटात बांध फुटला की ‘खांड पडली’ म्हणतात आणि सगळं गाव धावतं. हेएइयाच्या भिंतीला १९६५ च्या पुरात अशीच मोठी खांड पडली. पुढची कित्येक वर्षं ती तशीच राहिली, तळं समुद्राला उघडं पडलं. डिसेंबर २०१५ मध्ये ‘पानी का पुका’, म्हणजे ‘भोक बुजवा’ अशी हाक दिली गेली आणि सुमारे दोन हजार माणसं जमली. रांग करून हातोहात दगड देत त्यांनी ती खांड बुजवली. ‘पानी’ हा शब्द ऐकून मराठी मुलांना वाटतं पाण्याबद्दल बोलताहेत. इथे त्याचा अर्थ बंद करणं. गोष्ट सांगून झाली की मुलांची रांग करा आणि दहा दगड या टोकाकडून त्या टोकाला जाऊ द्या. दगड देणाऱ्यानं समोरच्याचे हात नीट लागल्याशिवाय सोडायचा नाही. बोटं चेचतात ती इथेच, घाईत.

तिसरी पायरी: फाटक

घाई अजिबात करू नये अशी पायरी ही. भिंत सगळ्यांना कळते, तळ्याची अक्कल मात्र माकाहात आहे.

माकाहा म्हणजे भिंतीतल्या पाटाच्या तोंडाशी उभ्या काठ्यांची घट्ट बांधलेली जाळी. काठ्यांमधली फट बोटाएवढी. पुआ भरतीबरोबर फटीतून आत येतात. आत खायला शेवाळ आहे, मोठे शिकारी मासे फारसे नाहीत, म्हणून राहतात, खातात, फुगतात. फुगले की फटीतून मावत नाहीत. इतकंच. जुन्या माकाहाला हलणारा एकही भाग नव्हता. पुढच्या काळात वर-खाली सरकणारी, दुहेरी जाळीची फाटकं आली. भरतीचं ताजं पाणी आत येऊ लागलं की मोठे मासे त्या प्रवाहाकडे ओढले जाऊन जाळीशी जमतात. राखणदार तिथे उभा राहून हवा तेवढा आणि हवा तोच मासा जाळ्यात घेतो, बाकीचे राहू देतो.

हे शब्दांत सांगितलेलं मुलांच्या डोक्यावरून जातं. म्हणून हा खेळ करा. खोलगट परात किंवा बेकिंगचा ट्रे घ्या. मध्यभागी खड्यांची किंवा कणकेची भिंत करा आणि एक तोंड मोकळं ठेवा. त्या तोंडात रुंद दातांचा कंगवा उभा रोवा. एका बाजूला ‘समुद्रात’ बोटभर पाणी, मोहरीचे दाणे आणि काही काबुली चणे सोडा. आता ट्रे हलकेच कलता करा: भरती. मोहरी कंगव्यातून आत जाते, चणे अडतात. ट्रे सरळ करा आणि मुलांना म्हणा, “काही महिने गेले.” आतली मोहरी उचलून तिच्या जागी चणे ठेवा. उलट बाजूला कलवा: ओहोटी. चणे बाहेर जात नाहीत. साधारण सात वर्षांच्या पुढची मुलं या क्षणाला “ओह!” म्हणतात, आणि तो आवाज ऐकायला मला अजूनही फार आवडतं.

पुढचे प्रश्न तीच विचारतात. “मोहरी परत बाहेर जाऊ शकते ना?” जाऊ शकते, जाळी कैद करत नाही, आत राहणं परवडतं म्हणून पिल्लं राहतात. “मग काकूचं पिल्लू पण आत येईल?” येतं. तेही आत वाढतं आणि बाकीच्यांना खातं, म्हणून राखणदाराला ते शोधून काढावं लागतं. “सगळी पिल्लं आत आली तर समुद्रात काय उरेल?” हा प्रश्न आला तर तिथेच बसा. बोय अंडी घालायला खुल्या समुद्रात जातो, तळ्यात घालत नाही. समुद्रातले मोठे मासे संपले तर फाटकाशी पुआ येणारच नाहीत. म्हणून हिवाळ्यात, विणीच्या दिवसांत, हा मासा धरण्यावर बंदी असे, आणि आजच्या राज्याच्या कायद्यातही आहे.

कोकणातल्या मुलांना आपल्या उघाडीशी तुलना करून दाखवा. खारबांधातली उघाडी ओहोटीला उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटून खारं पाणी अडवते. तिचं काम भात वाचवणं. माकाहा पाणी अडवतच नाही. दोन्हीकडे भरती-ओहोटीच राबते, पण एक पाण्याची राखण करते आणि दुसरा माशाची.

चौथी पायरी: कोण कुणाला खातं

शंभर चुरमुरे मोजून घ्या. हे शेवाळ. ते खाऊन बोयच्या अंगी लागतं ढोबळमानानं दहा. बोय खाऊन मोठ्या शिकारी माशाच्या अंगी लागतो एक. आता मुलांना विचारा, गाव जगवायचं असेल तर तळ्यात कुठला मासा वाढवाल? आमाआमा आणि आवा (मिल्कफिश) हे शेवाळावर जगणारे मासेच तळ्यात का वाढवले, याचं उत्तर चुरमुऱ्यांत मिळतं. आमच्या पेण-अलिबागकडे तळ्यात जिताडा वाढवतात. तो मांसाहारी, बाकीची मासळी खाऊन मोठा होतो, म्हणून मोजकाच असतो आणि खास पाहुण्यासाठी राखतात.

पाचवी पायरी: काम

तळ्यावरचं काम म्हणजे बहुतेकदा दोन गोष्टी काढणं: बाहेरून आलेलं शेवाळ आणि बाहेरून आलेलं खारफुटीचं झाड.

शेवाळाचं सोपं आहे. १९७० च्या दशकात शेवाळाची शेती करण्यासाठी आणलेलं एक लिमू तळ्याबाहेरच्या उपसागरात पसरलं आणि प्रवाळावर गोधडीसारखं बसलं. मुलं ते बादल्यांत भरतात, मग ते कालोच्या शेतात खत म्हणून जातं. आधी दोन नमुने शेजारी ठेवून ओळख पटवून द्या. इथलं मूळ लिमू उपटलं गेलं तर कामाचा उलटा परिणाम होतो. शंका असेल तर उपटायचं नाही, विचारायचं.

खारफुटीचं मात्र मराठी मुलांना समजावून सांगावं लागतं. ठाण्याहून आलेला माझा भाचा पहिल्या दिवशी रोप हातात धरून तसाच उभा राहिला. “मावशी, हे तोडायचं? आमच्या शाळेत तर कांदळवन वाचवा म्हणून फेरी काढतात.” त्याचं बरोबरच होतं. आपल्या खाडीत तिवर आणि चिप्पी मुळच्या आहेत. किनारा धरून ठेवतात, मासळीला आसरा देतात. महाराष्ट्रानं २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. हवाईत मात्र एकही खारफुटी मूळची नाही. १९०२ मध्ये मोलोकाईवर, डोंगरावरून वाहून येणारी माती अडवायला, अमेरिकेतून तांबडी खारफुटी आणून लावली. ती बेटाबेटांवर पसरली. तिची मुळं भिंतीच्या फटींत शिरून दगड सुटे करतात, तळ्यात गाळ साठतो, पाणी फिरेनासं होतं.

मी त्याला दोन कागद दिले. एकावर ‘माझी खाडी’, दुसऱ्यावर ‘हे तळं’. प्रत्येकावर झाडाखाली कोण राहतं, झाड कधी आलं, झाड गेलं तर काय बिघडेल, हे लिहायला सांगितलं. अर्ध्या तासानं तो उठला आणि रोपं उपटू लागला, एकेक मोजून. तुमच्या मुलांनाही हाच वेळ द्या. ‘इथे हे वाईट असतं’ म्हणून घाईघाईनं करवत हातात देऊ नका. एकच झाड एका किनाऱ्यावर राखायचं आणि दुसऱ्यावर काढायचं, हे कळायला मुलाला आधी जागा ओळखावी लागते. तेवढ्यासाठी मी दिवसभराचं बाकी सगळं काम सोडून देईन.

अंगावर काय, जवळ काय

पाय झाकणारे, घट्ट बसणारे पाण्यातले बूट हवेतच. शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या असतात आणि चपला चिखलात राहतात. जखम असेल तर मूल पाण्यात उतरणार नाही, काठावर मोजणी करेल. जोराचा पाऊस होऊन पाणी तपकिरी झालं असेल तर बेत रद्द. तळाशी उलटी पडून राहणारी छोटी जेलीफिश दिसते, तिला हात लावला की खाज सुटते. अंगभर बाह्यांचा सदरा घाला, म्हणजे सनस्क्रीन क्रीम कमी लागेल. प्रवाळाला घातक म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. भारतातून आणलेल्या बाटलीवरची नावं वाचून घ्या.

आत जाण्याआधी बरेचदा ‘ओली’ म्हणतात, म्हणजे परवानगी मागणारं गायन. मुलांनी टोपी काढून शांत उभं राहावं, येत असेल तर म्हणावं, नसेल तर ऐकावं. त्याचं चित्रीकरण विचारल्याशिवाय नको. हेएइयाच्या तळ्याची राखणदार मेहेआनू नावाची ‘मोओ’ आहे, पाण्यात राहणारी सरड्याच्या रूपाची शक्ती, असं तिथले लोक सांगतात. काठावरच्या हाउ झाडाची पानं पिवळी झाली की ती आली म्हणायचं. ही त्यांची श्रद्धा आहे, आपण पाहुणे आहोत. गावाच्या वेशीवर आपण जसं नकळत हात जोडतो, तसंच मुलांना इथे वागायला सांगा. आणि एकही दगड खिशात घालून घरी न्यायचा नाही.

परत आल्यावर

बूट, बादल्या, मोज्यांवरचा चिखल तिथल्या तिथे धुवा. शेवाळाचा एवढासा तुकडाही दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊन रुजतो.

घरी आल्यावर मुलांना निबंध लिहायला लावू नका. वही द्या आणि चारच रकाने आखून द्या: तारीख, भरतीची वेळ, फाटकाशी काय दिसलं, मी काय उचललं. पुढची भेट भरती-ओहोटीचं कोष्टक बघून अशी ठरवा की काम संपता संपता पाणी आत येऊ लागेल. मुलांना माकाहाच्या फळीवर पोटावर झोपवा, हनुवटी काठाला टेकवून, बोलायचं नाही. पहिली पाच-दहा मिनिटं काही दिसत नाही. मग काठ्यांच्या फटींतून पाणी आत सरकायला लागतं आणि त्याच्याबरोबर, काचेसारखी, डोळे तेवढे काळे असलेली पुआ.

“मासे कुठायत?” या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ ही.